मातीचे लाडू वळणारे कांतीभाऊ

आमच्या शेजारच्या मोटरपंपाच्या दुकानात काउंटरवर मातीचे लाडू मांडलेले असतात. काळे, तांबूस, भुरकट. काही गोल गरगरीत, काही फुटून पसरलेले. नवीन गिऱ्हाईक आधी लाडवांकडे बघतं, मग कांतीभाऊंकडे बघतं, मग बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचून येतं. पाटीवर मोटरपंपच लिहिलेलं आहे.

माझं ब्लाउज शिवायचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून आहे, शिंदखेड्याच्या स्टेशन रस्त्यावर. मधली भिंत इतकी पातळ की त्यांनी शिंक दिली तर माझा दोरा तुटतो. त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी शिवणाबरोबर त्यांचं बोलणंही शिवत आले आहे.

गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, साडेसात एचपीची मोटर दाखवा."

"कसाले?"

"कसाले म्हंजे? पानी ओढाले!"

"ते कळलं. पण जमिनीला विचारलं का, तुला पाहिजे का म्हणून? पाहुणा आला तर चहा घेणार का विचारतो ना आपण? की धरून नरड्यात ओततो?"

गिऱ्हाईक पुन्हा पाटीकडे बघतं.

"जा, शेतातून मूठभर माती आणा. वरची नको, वीतभर खालची. रुमालात बांधून आणा. मग मोटरीचं बोलू."

आश्चर्य म्हणजे काही जण खरोखर माती घेऊन येत. कांतीभाऊ ती तळहातावर घेऊन दाबत, वळत, हवेत हलकेच उडवून झेलत. लाडू टिकला की खूश होऊन म्हणत, "पोट भरेल शे. आज पाणी द्यायचं नाही." फुटला तर म्हणत, "तहानलीय बिचारी. द्या, पण बेतानं. तहान कितली, पानी कितलं?" हे त्यांचं पेटंट वाक्य. पाण्याच्याच नव्हे, कुठल्याही बाबतीत ते वापरत. मी चहात साखर घालताना, समोरचा सलीमभाई राजकारणावर तावातावाने बोलताना, लग्नाच्या पंगतीत वाढपी आग्रह करताना. "तहान कितली, पानी कितलं?"

सलीमभाईंचंही मोटरपंपाचंच दुकान, बरोबर समोर. कांतीभाऊंनी पिटाळलेलं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून सरळ त्यांच्याकडे जाई. ईदला सलीमभाई शीरखुर्म्याचं मोठं पातेलं सुकामेवा जास्त घालून पाठवत आणि म्हणत, "ताई, धंद्यात असा दुश्मन अल्ला सगळ्यांना देवो."

कांतीभाऊ मूळचे मारवाडी. पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, माझ्याशी आणि ऑफिसात मराठी, आणि स्वतःशी बोलताना तिन्ही. उंच, काटक्यासारखे, पांढऱ्या शर्टाच्या खिशात कंगवा आणि टेस्टर शेजारी शेजारी. एकदा घाईत टेस्टरनेच भांग पाडताना मी त्यांना पाहिलं आहे. स्कूटरच्या डिकीत खुरपं. पाणी गाळून पिणार, सूर्य मावळायच्या आत जेवणार. त्यामुळे संध्याकाळी कुणी बोलायला बसलं की त्यांचं एक लक्ष आकाशाकडे. ऊन पिवळं पडायला लागलं की वाक्य अर्धं टाकून निघत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच पुढे सुरू करत. ज्याच्याशी बोलत होते तो समोर असला तर ठीक, नसला तर मला ऐकवत.

आणि नदी. आमची बुराई नदी. तिचं नाव ते घेतच नसत. 'ती' म्हणत. साक्रीकडून पूल ओलांडून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला हात करून विचारत, "काय, पाहिली का तिला? कशी आहे?" ड्रायव्हर सरावलेला. "पडून आहे भाऊ. हाडं दिसताहेत." एकदा परगावचा कंपनीचा एजंट दुकानात बसला होता. तो हे ऐकून हळहळला आणि निघताना मला हळूच म्हणाला, "वहिनी, शेटजींच्या घरचं आजारपण फार दिवसांचं दिसतंय."

नदीला कुणी नावं ठेवली की मात्र त्यांना खपत नसे. "नाव बुराई असलं म्हणून तिची बुराई करायची नाही," असं म्हणून ते विषय संपवत.

उन्हाळ्यात दुपारी बाजार झोपतो. कुत्री गाड्यांखाली, माणसं पंख्याखाली. अशा वेळी भिंतीपलीकडून हळू हाक येई. "ताई, मशीन थांबवा जरा."

मी थांबवी.

"ऐका. आवाज येतोय."

"कसला?"

"पाण्याचा. गोट्यांवरून जातंय."

नदी केवढी तरी लांब आणि पार कोरडी. मला पंख्याची घरघर ऐकू येई, फार तर सलीमभाईंचं घोरणं. पण कांतीभाऊंनी इतक्या हळुवार आवाजात सांगितलेलं असे की मी मान वाकडी करून ऐकत राही. उन्हाच्या झळांत समोरचा रस्ता पाण्यासारखा हलत असे. थोड्या वेळाने मलाही काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटे. मग मी स्वतःवरच चिडून मशीन सुरू करी.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा पुण्यात, फोनवरून बापावर ओरडणारा. "पप्पा, मोटर विकायची नसेल तर दुकान कशाला उघडता?" वरच्या मजल्यावर म्हाताऱ्या आई. सगळे त्यांना बाईजी म्हणत. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नसे. घर एवढंच.

आमचं शेत नदीकाठच्या गावी आहे. हे, म्हणजे माझे यजमान, तिथे पपई करतात. नदी आटली तरी गावाजवळच्या वळणावर एक डोह होळीपर्यंत टिकायचा. मग काठावरच्या मोटरी त्यात नाकं बुडवायच्या आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, कितीतरी आधी डोह म्हणजे तडकलेल्या चिखलाची परात व्हायचा. एका हिवाळ्यात ह्यांनीही ठरवलं की आपणही डोहात मोठी मोटर टाकायची.

"बठ्ठं गाव ओढस, मी का बरं नही ओढू?" म्हणत, सगळ्या गावाचा दाखला देत हे कांतीभाऊंच्या दुकानात गेले. मी भिंतीला कान लावून बसले. थोड्या वेळाने हे लालबुंद होऊन बाहेर आले. "हाऊ भाऊ पागल शे का? शेजारधर्म राहू दे, मला मातीचा लाडू आणायला सांगतो!" आणि तरातरा समोर सलीमभाईंकडे. सलीमभाईंनी मोटर पुसली, दाखवली आणि मग डोकं खाजवत म्हणाले, "देतो की. पण भाऊ, लाडू वळून पाहिला का एकदा?" हा रोग रस्ता ओलांडून गेला होता, ते आम्हाला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांतीभाऊ स्कूटरवरून थेट आमच्या शेतात. हे बोलायला तयार नाहीत. कांतीभाऊंनी विचारलंही नाही, पपईच्या बुंध्याशी बसून खुरप्याने माती उकरली. आत सगळा चिखल. मुळं कुजायला लागलेली. पानं पिवळी पडत होती ती पाणी कमी म्हणून, असं आम्ही समजत होतो आणि आणखी पाणी सोडत होतो. कांतीभाऊंनी लाडू वळला आणि ह्यांच्या हातात ठेवला. नैवेद्य ठेवावा तसा.

"दादा, ही तहानेनं नाही मरत. ही बुडून मरतेय."

बोलताना त्यांचा आवाज जरा विचित्र झाला होता. मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

आम्ही ठिबक केलं. झाडाच्या बुंध्याशी थेंब थेंब पाणी. विहिरीचंच पुरलं, डोहापर्यंत जावंच लागलं नाही. पपई सावरली. मग कांतीभाऊंना जो हुरूप आला! ते दिवसाआड गावात. पारावर बसून सांगत, "पीक तुमचं, विहीर तुमची. डोह तेवढा तिचा ठेवा. होळीनंतर त्यात मोटर नको. डोहात पाणी राहिलं तर तुमच्याच विहिरी ओल्या राहतील." लोक ऐकत, हसत, माती वळत. कुणी ठिबक केलं, कुणी कांद्याचं क्षेत्र कमी केलं. होळीला बऱ्याच जणांनी मोटरी उचलल्या.

डागाआबांनी नाही उचलली. आबा म्हणजे गावातलं मोठं खटलं. डोहाच्या वर त्यांची मिरची. "मिरची माझ्या बापाच्या काळापासून ह्या पाण्यावर शे," एवढंच ते म्हणाले. त्यांची मोटर सुरू दिसली तशी दुसऱ्याने पुन्हा टाकली, मग तिसऱ्याने. मनात होतंच सगळ्यांच्या. आखाजीच्या आधीच डोह बसला. उरलेल्या चिखलात मासे उलटे होत होते आणि बगळे दाटीवाटीने जेवायला बसले होते.

कांतीभाऊ आले. काठावरून पाहिलं. स्कूटर वळवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुकान बंद.

दुपारी मी बाईजींचं शिवून झालेलं पोलकं घेतलं आणि वर गेले. पोलकं हे निमित्त. कांतीभाऊ आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाईजी खिडकीशी. त्यांनी पोलकं पाहिलंच नाही.

"डोह गया का व?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या. मग बोलू लागल्या. स्वतःशी बोलावं तसं, आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये एवढ्या हळू.

"कांतीच्या वरती एक होता. पारस. श्रावण होता. इथं ऊन, वरती डोंगरात पाऊस. नदीला घोट्याएवढं पाणी. दोघं खेळायला गेले. लोंढा आला. कांती काठावर होता, राहिला. पारस गेला."

मी हातातल्या पोलक्याची घडी घालत राहिले, मोडत राहिले.

"मी तिला शाप दिला. एकदा नाही व माय, रोज. न्हाताना, दिवा लावताना. आटून जा म्हटलं. थेंब राहू नको तुझ्यात. कांतीनं दुकान टाकायचं ठरवलं तेव्हा मीच म्हटलं, मोटरींचं टाक. ओढून घेऊ दे लोकांना सगळं. आणि ती आटली. खरंच आटली. मला वाटलं होतं, बरं वाटेल. तिनं माझं एक पोर नेलं. मी बठ्ठ्यांची नदी नेली."

"बाईजी, असं शापानं नद्या आटतात का?"

"तुला काय ठाऊक, कशानं आटतात?" त्या एकदम तिखट झाल्या. मग पुन्हा विरघळल्या. "कांतीला म्हटलं, मी शब्द परत घेतले. तो म्हणाला, बाई, मी पोचवतो तिच्यापर्यंत. तेव्हापासून हे लाडू चाललेत. वेडा आहे. लहान होता तेव्हा त्या दिवसानंतर बोलायचाच नाही. आता केवढा बोलतो, नाही?"

पोलकं खिडकीशी ठेवून मी जिना उतरले. संध्याकाळपर्यंत मशीनवर बसले, पण एक टाका सरळ पडला नाही.

मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, ह्यांना सोडून. हे ऐकून उठले आणि गोठ्यात जाऊन उगाचच म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पुढच्या हंगामात कांतीभाऊंनी बाकीचं गाव सोडून फक्त डागाआबांना धरलं. हिवाळाभर त्यांच्या बांधावर. आबा हाकलायचे, कांतीभाऊ लिंबाखाली जाऊन बसायचे. शेवटी कटकट जावी म्हणून आबा म्हणाले, "कर काय करनं ते. पन अर्ध्या वावरात." कांतीभाऊंनी अर्ध्या मिरचीला ठिबक अंथरलं. जुन्या स्टॉकमधल्या नळ्या, स्वतः वाकून, खुरप्याने दाबून.

आणि खारींनी त्या नळ्या कुरतडल्या. जिकडे तिकडे कारंजी. आबा हसून हसून बसले. "भाऊ, तुमी मन्ही मिरचीले पानी दी राह्यनात का खारीस्ले?"

कांतीभाऊ एका फुटक्या नळीशी बसले होते. ती हातात घेऊन दात उमटलेले निरखत म्हणाले, "आबा, हिचंही बरोबर आहे. नळीत पाणी वाजतं, हिला तहान लागलेली. मागता येत नाही, म्हणून चावते."

दुसऱ्या दिवशी ते स्कूटरला पोतं बांधून आले. पोत्यात कुंभाराकडच्या मातीच्या पसरट परळ्या. बांधावर, झाडाखाली, जागोजाग परळ्या ठेवल्या आणि घरून आणलेल्या कळशीतून पाणी भरत फिरू लागले. परळीवर फडकं धरून, गाळून! खारीला गाळलेलं पाणी! आबा बांधावर उभे राहून बघत होते. हसायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. ऊन पिवळं पडायला लागलं. कांतीभाऊंची जेवणाची वेळ टळत होती, तरी ते आकाशाकडे बघत नव्हते. ह्यांनी हे सगळं स्वतः पाहिलं, शेजारच्याच वावरात होते.

"ह्या मानूसशी कसं भांडू मी?" आबा ह्यांना म्हणाले. मग जरा वेळाने, "ती मोटर उचलाले हात लाव रे. जड शे."

खारींनी परळ्यांतलं पाणी प्यायला सुरुवात केली. नळ्यांना दात लागायचे कमी झाले, थांबले नाहीत. मिरची आली, आबांच्या मते आणखी यायला हवी होती. गावातले दोघे-तिघे अजून रुसलेले आहेत. सगळं काही सोन्यासारखं झालं असं मी सांगणार नाही. पण होळी झाली आणि डोहात एकही मोटर नव्हती. उन्हं चढत गेली. लोक रोज उठून डोह बघायला जाऊ लागले, दूध उतू जातंय का बघावं तसे. विहिरींनीही दम धरला.

आणि आखाजी आली तेव्हा डोह भरलेला होता.

पूर्ण नाही. पण होता. माहेरी आलेल्या लेकी झोके सोडून काठावर येऊन बसल्या. निळं आकाश पाण्यात पडलं होतं आणि त्यात एक बगळा पाय न बुडवता चालत असल्यासारखा चालत होता. डोहाच्या तोंडाशी गोट्यांवरून पाण्याची एक पातळ धार सरकत होती, आणि तिचा आवाज येत होता. खराखुरा. मी डोळे मिटून तो ऐकला. शिंदखेड्यातल्या त्या दुपारींसारखाच होता, अगदी तसाच. वाटलं, आपण जागे आहोत की मशीनवर डोकं टेकून झोपलोय?

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी आणि सलीमभाईंनी बाईजींना खुर्चीत बसवून जिना उतरवला. रस्त्यावर आल्यावर त्या डोळे किलकिले करून म्हणाल्या, "इतली दुकानं?" रिक्षातून आम्ही डोहावर आलो. कांतीभाऊ मागून स्कूटरवर.

बाईजींना पाण्याशी बसवलं. त्यांनी हात बुडवला, बाहेर काढला, बोटांमधून निथळणारं पाणी पाहिलं. मला वाटलं रडतील. त्या रागावल्या.

"कोठे व्हती व माय, इतला दिन?" घर सोडून गेलेल्या लेकीला विचारावं तसं त्यांनी नदीला विचारलं. "म्हातारी माणसं बोलतात. तू मनावर घ्यायचं?"

मग ओंजळ भरून त्यांनी पाणी तोंडाला लावलं. पुन्हा भरली. तोंड, कपाळ, पांढरे केस. ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते ऐकू आलं नाही, पण एकदा 'पारस' असं ऐकल्यासारखं वाटलं.

कांतीभाऊ कुठे दिसेनात. पाहिलं तर पार वर, बाभळीच्या बुंध्याला टेकून उभे. मी वर गेले.

"चला ना भाऊ. बाईजी वाट बघताहेत."

"इथूनच छान दिसतंय," ते म्हणाले. "तुम्ही जा. मी… स्कूटर आहे इथं. लक्ष ठेवायला लागतं."

स्कूटरकडे गावात कुत्रंही ढुंकून बघत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला एकदम आठवलं, इतकी वर्षं ते ह्या काठावर येत होते, बोलत होते, भांडत होते, पण मी त्यांना एकदाही पाण्यात पाय घालताना पाहिलं नव्हतं.

खालून बाईजींनी हाक मारली. "कांती!"

ते हलले नाहीत.

"कांती, ये. काही नाही करत ती आता."

तेवढ्यात हे खालून चढून आले. ह्यांना बोलता येत नाही फारसं. ह्यांनी फक्त हात पुढे केला, चिखलाने माखलेला. कांतीभाऊंनी तो धरला. चपला काढल्या. पँट दुमडली. उतारावरून दोघं खाली आले, एकाने दुसऱ्याला आंधळ्यासारखं आणावं तसे. पाण्याच्या कडेला कांतीभाऊंनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि पहिला पाय टाकला.

"दादा," ते ह्यांना म्हणाले, "हात सोडू नका हं."

"नाही सोडत."

पाणी घोट्याएवढंच होतं. कांतीभाऊ त्यात बराच वेळ उभे होते, आणि ह्यांनी हात सोडला नाही.